सोडण्यातील आनंद

गणिताचे उदाहरण आपण 'सोडवतो' आणि ते 'सुटते' असे म्हणतो. गाठ सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते, आणि पुष्कळ दिवस छळणारे कोडेही सुटते. गुंतलेले मोकळे होणे आणि उत्तर सापडणे, ह्या दोन गोष्टींना मराठीने एकच शब्द दिला आहे. माझी मातृभाषा कोकणी. तिच्यातही 'सोडप' आणि 'सुटप' ही जोडी अशीच आहे. नववीच्या वर्गात ही क्रियापदे मी कैक वेळा शिकविली असतील. परंतु त्यांचा एक अर्थ मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हाती पुस्तक नसताना आणि तोंडाने बोलण्यास मनाई असताना कळला. तो कसा कळला हे सांगावयाचे आहे; पण त्याआधी आपल्याच मुलखातील एक फार जुनी कथा ऐकावी लागेल.

पाली भाषेतील 'सुत्तनिपात' हा बौद्ध वाङ्मयातील अतिप्राचीन ग्रंथांपैकी एक आहे. त्याच्या शेवटच्या भागास 'पारायणवग्ग' म्हणतात. त्याच्या आरंभी बावरी नावाच्या एका वृद्ध ब्राह्मणाची हकीकत येते. हा बावरी गोदावरीच्या तीरी, अस्सक म्हणजे अश्मक देशात, वेचलेल्या धान्यावर आणि फळांवर निर्वाह करून राहत असे. त्याचे स्थान म्हणजे खानापूरनजीकचे, गोदावरीच्या पात्रातील बेटावर वसलेले बादनकुर्ती हे गाव होय, असे तेलंगणातील काही अभ्यासक मानतात. हे गाव पूर्वी आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. स्थाननिश्चितीविषयी विद्वानांत मतभेद असू शकतात. गोदावरीविषयी मात्र मतभेद नाही.

बावरीने एकदा मोठा यज्ञ केला आणि जवळ होते नव्हते ते सर्व दान करून टाकले. तो आश्रमात परतला, तोच एक परका ब्राह्मण दारी आला. पाय सुजलेले, दात मळलेले, डोक्यावर धूळ. त्याने पाचशे नाणी मागितली. बावरीने हात जोडून सांगितले की जे होते ते सर्व दिले गेले, आता काही उरले नाही, क्षमा करावी. तेव्हा त्या ब्राह्मणाने शाप दिला : सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील !

पुढे काय झाले ते पाहा. ज्याने सर्वस्व देऊन टाकले होते, तो बावरी भयाने वाळू लागला. त्याचे अन्न सुटले. ध्यानास बसावे तर ध्यानात मन रमेना. अखेर एका देवतेने येऊन त्यास सांगितले की तो मनुष्य धनलोभी ढोंगी आहे, मस्तक म्हणजे काय आणि मस्तक फुटणे म्हणजे काय हे त्यास मुळीच ठाऊक नाही. ते जाणणारा बुद्ध उत्तरेस आहे. बावरीचे वय तेव्हा एकशे वीस वर्षांचे होते असे ग्रंथ म्हणतो. त्यास स्वतः जाणे शक्य नव्हते. त्याने आपले सोळा शिष्य पाठविले. पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती, वैशाली अशी मजल दरमजल करीत ते राजगृहाजवळ बुद्धापाशी पोहोचले. भूगोलाच्या नकाशात ही वाट बोटाने काढून पाहा; आजही ती छाती दडपविणारी आहे.

बुद्धाने उत्तर दिले ते थोडक्यात असे. अविद्या हेच ते मस्तक, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, संकल्प व वीर्य ह्यांसह आलेली विद्या ते मस्तक फोडते. म्हणजे ज्या शापाने म्हातारा भयभीत झाला होता, तो नीट पाहिला असता शाप नव्हताच.

ही कथा मी प्रथम वाचली ती धर्मानंद कोसंबी ह्यांच्यामुळे. गोव्यातील सांखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या ह्या कोकणी माणसाने सुत्तनिपाताचे मराठीत भाषांतर केले. 'निवेदन' ह्या आत्मवृत्तात त्यांनी आपल्या भटकंतीची हकीकत दिली आहे. १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले, आणि पुढे सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथे जाऊन त्यांनी बौद्ध धर्माचे अध्ययन केले. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. तथापि एकाच्या सोडण्याची किंमत कित्येकदा दुसऱ्यास मोजावी लागते, हा विचार ते पुस्तक वाचताना एका स्त्रीच्या मनात आल्यावाचून राहत नाही. असो.

बावरीची कथा वाचली तेव्हा मला ती एक चमत्कारिक दंतकथा वाटली होती. सर्व देऊन बसलेल्या माणसाला भय कशाचे ? मला त्याचा अर्थ लागला तो स्वतःवर तशीच पाळी आल्यावर.

गोव्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा असतो. पोर्तुगीज अमदानीतील दिवाणी कायद्यापासून ही रीत चालत आली आहे. वडील गेले तेव्हा घराच्या व बागायतीच्या हिश्श्याचा प्रश्न निघाला. मी लग्नानंतर आदिलाबादला आलेली. भाऊ गावी राहून घर सांभाळणारा. आईने हळूच म्हटले, "सोडून दी गो बाय." मी सोडून दिले. कचेरीत जाऊन कागदावर सही केली. ज्यास आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणतात, तसाच तो कागद. नातलगांनी माझ्या त्यागाची वाखाणणी केली. आणि त्या दिवसापासून पाच वर्षे मी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरी गेले नाही. शाळेला रजा नाही, गाडीचे आरक्षण मिळत नाही, अशी कारणे मी दर वर्षी शोधीत असे. मधल्या काळात आईही गेली. खरे कारण मी कोणास सांगितले नाही, स्वतःसही नाही.

येथे मुलींसाठी एक गोष्ट स्पष्ट करते. हक्क सोडावा की मागावा हा कायद्याचा व न्यायाचा प्रश्न आहे, आणि आपला वाटा मागणाऱ्या मुलीला कोणी लोभी म्हणू नये असेच माझे मत आहे. माझी चूक हक्क सोडण्यात नव्हती आणि मागितला असता तर मागण्यातही नसती. सही करून जे मी हातातून सोडले, ते मनाच्या मुठीत घट्ट धरून ठेवले, ही ती चूक होय.

मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत, एका सहकारी शिक्षिकेच्या आग्रहावरून, मी इगतपुरीच्या धम्मगिरी येथे दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास गेले. आपल्या तेलंगणातही हैदराबादजवळ धम्मखेत्त हे जुने केंद्र आहे. परंतु आदिलाबादहून नंदीग्राम गाडीने किनवट, नांदेड, मनमाड करीत थेट इगतपुरीस उतरता येते, म्हणून मी तेथे गेले. ही साधना आज ज्या रूपाने भारतात शिकविली जाते, ती सत्यनारायण गोयंका ह्यांनी ब्रह्मदेशातून आणली. गोयंका १९२४ मध्ये मंडालेस जन्मले. मोठे व्यापारी होते आणि अर्धशिशीने त्रस्त होते. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन ह्यांजकडे गेले. ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख अधिकारी. कचेरी सांभाळून ध्यान शिकवीत. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी प्रथम गोयंकांना सांगितले, ही हकीकत गोयंका स्वतः सांगत असत. चौदा वर्षांच्या अभ्यासानंतर १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईस पहिले शिबिर झाले. धम्मगिरीचे कार्य १९७६ पासून चालू आहे. २०१३ मध्ये गोयंका निवर्तले. शिबिरात त्यांची प्रवचने आता ध्वनिमुद्रणावरून ऐकवितात.

आपल्या शाळेतील कित्येक मुलांच्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेची आठवण जपलेली असते, आणि पंचशील त्यांना पाठ असते. शिबिराचा प्रारंभ त्याच पाच शीलांनी होतो. त्यानंतर मौन, ते दहाव्या दिवशी सुटते. पहाटे चारला घंटा वाजते, साडेचारला ध्यानास बसावयाचे, अकराला जेवण; नव्या साधकांना सायंकाळी पाचला थोडा अल्पोपाहार, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे मालवावयाचे. दूरध्वनी, पुस्तके, वही, पेन सर्व आरंभीच जमा करावे लागते. पेन देताना माझा हात क्षणभर अडला हे कबूल करते. शुल्क मात्र काही नाही. पूर्वी ज्यांनी शिबिर केले त्यांच्या दानावर सर्व चालते, आणि वाढणारे हातही त्यांच्यापैकीच सेवेकऱ्यांचे. आपण कोणाच्या दानाचे जेवतो हे जेवणाऱ्यास कळत नाही. ह्या शेवटच्या गोष्टीकडे माझे तेव्हा लक्ष गेले नाही.

पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा. त्यास आनापान म्हणतात. नाकपुड्यांतून श्वास आत येतो, बाहेर जातो. तो दीर्घ करावयाचा नाही, रोखावयाचा नाही, जसा आहे तसा जाणावयाचा. ऐकण्यास हे बालवाडीचे काम वाटते. प्रत्यक्षात दहा श्वास सलग पाहणे मला जमले नाही. तिसऱ्या श्वासालाच मी गोव्याच्या घराच्या ओसरीवर उभी असे आणि भावाशी भांडत असे. भांडण कोकणीत चाले. त्याचे प्रश्नही मीच विचारी, उत्तरेही मीच देई, आणि दर वेळी खटला मीच जिंके. तीन दिवसांत तो खटला मी शंभरदा तरी जिंकले असेन. जिंकून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू !

चौथ्या दिवशी विपश्यना शिकवितात. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर क्रमाने लक्ष फिरवावयाचे, आणि जी संवेदना भेटेल, उष्णता, भार, खाज, मुंग्या, वेदना, ती केवळ जाणावयाची. सुखद असेल तर हवी म्हणावयाचे नाही, दुःखद असेल तर नको म्हणावयाचे नाही. दिवसातून तीन वेळा एक तास हातपाय न हलविता बसण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. माझा डावा गुडघा पहिल्याच तासात असा ठणकू लागला की डोळ्यांतून पाणी आले. मी दात आवळून बसले. सहाव्या दिवशी मात्र अंगावरून एक हलका, सूक्ष्म प्रवाह वाहू लागला; गुडघा जणू नाहीसा झाला. मला वाटले, साधले ! सातव्या दिवशी मी तो प्रवाह शोधीत बसले आणि तो काही केल्या येईना. दुखण्याने झाले नव्हते इतके दुःख मला ते सुख गेल्याने झाले. दुपारी साहाय्यक शिक्षिकेस विचारण्याची मुभा असते. मी जाऊन गाऱ्हाणे केले. त्या म्हणाल्या, "आला तेव्हा तुम्ही बोलावला होता काय ?" एवढेच. मला थोडा रागच आला.

ह्या ठिकाणी शास्त्र थोडे समजून घेऊ. बुद्धाच्या प्रतीत्यसमुत्पादात वेदनेपासून तृष्णा होते आणि तृष्णेपासून उपादान होते, असा क्रम आहे. वेदना म्हणजे येथे केवळ दुखणे नव्हे, तर सुखद, दुःखद वा मध्यम अशी कोणतीही संवेदना. ती आपल्या हाती नसते. गुडघा आहे तोवर ठणकणारच. तिच्यामागून 'हवे' किंवा 'नको' उठते, ती तृष्णा. आणि त्या हवेपणाला वा नकोपणाला आपण जे कवटाळतो ते उपादान. पाली भाषेत उपादान ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : इंधन, सरपण. म्हणून तृष्णाक्षयाला बुद्धाने जो शब्द वापरला, निब्बान म्हणजे निर्वाण, त्याचा अर्थ विझणे. चुलीवर पाणी ओतूनही विस्तव विझतो. परंतु धूर आणि राख घरभर उडते. लाकूड मागे ओढून घेतले म्हणजे तो आपोआप निवतो. मी मात्र पाच वर्षे रोज सकाळी नेमाने एक ढलपी चुलीत सारीत होते.

बावरीच्या सोळा शिष्यांपैकी जतुकण्णी नावाच्या शिष्याला बुद्धाने दिलेले उत्तर ह्याच प्रकारचे आहे. तुझ्यापाशी कवटाळलेले असे काही नसावे आणि झिडकारलेले असेही काही नसावे, असा त्याचा आशय. ह्यातील दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. झिडकारणे हे सोडणे नव्हे. नको असलेली वस्तू आपण ढकलीत राहतो, आणि ढकलण्यासाठी तिला हात लावून ठेवावाच लागतो. कप्प ह्या शिष्याने विचारले होते की महापुरात सापडलेल्या माणसाला बेट कोणते. जेथे काही आपले म्हणून धरलेले नाही तेच बेट, असे त्यास सांगण्यात आले. बादनकुर्ती स्वतःच एक बेट आहे, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

आठव्या दिवशी सायंकाळच्या बैठकीत तो कागद पुन्हा डोळ्यांपुढे आला. कचेरीतील पंखा, टेबलावरचा शाईचा डाग, माझी सही. छातीत ऊब दाटली, गळा आवळला, पोटात गोळा उठला. नेहमीप्रमाणे खटला सुरू होणार, इतक्यात ध्यानात आले की ही ऊबसुद्धा गुडघ्याच्या ठणक्यासारखीच एक संवेदना आहे. मी भावाला सोडून उबेकडे पाहू लागले. ती गळ्यापाशी जाड होती, कडेला पातळ. ती सरकत होती, वाढली, आणि थोड्या वेळाने विरू लागली. गंमत अशी की ती विरताच खटल्यातील पुढचे वाक्यच मला आठवेना.

आणि तेथे एक लाजिरवाणी गोष्ट स्वच्छ दिसली. घर मी दिले होते. पण त्याच्या मोबदल्यात भावाने जन्मभर माझे उपकार स्मरावे, दर चवथीला माझ्यापुढे किंचित वाकावे, अशी माझी अपेक्षा होती. त्याने तसे केले नाही, कारण मुळात बहिणीने मनापासून दिले असे त्यास वाटले होते. मी दान केले नव्हते, कर्ज दिले होते. आपल्या भागातील शेतकऱ्यांना सावकार म्हणजे काय हे सांगावयास नको. घर देऊन मी सावकार झाले होते, आणि वसुली होत नाही म्हणून तळमळत होते ! आठ दिवस ज्यांनी दिलेले अन्न मी खाल्ले, त्यांनी आपले नावसुद्धा ताटापाशी ठेवले नव्हते.

तेव्हा मला हसू आले. मौनात हसू दाबणे फार कठीण. डोळे मिटलेल्या शेकडो स्त्रियांमध्ये मी तोंडावर पदर धरून बसले होते. त्या हसण्यामागून जो आनंद आला त्याचे वर्णन कसे करावे ? परीक्षेत पहिला क्रमांक मिळाल्याचा आनंद निराळा. तो काहीतरी मिळाल्याचा असतो, आणि मिळालेले जाईल ह्या भीतीची कड त्याला असते. येथे काहीच मिळाले नव्हते. दूर अंतरावरून डोक्यावर आणलेली पाण्याची कळशी उतरविल्यावर मान जशी आपोआप वर उचलल्यासारखी वाटते, तसे काहीसे ते होते. पाली सुत्तांमध्ये प्रमोद, प्रीती, प्रश्रब्धी म्हणजे शांतपणा, मग सुख आणि मग समाधी असा क्रम दिला आहे. समाधी साधली म्हणजे सुख लाभेल अशी आपली समजूत असते. ग्रंथात सुख आधी आणि समाधी मागून आहे. बावरीचे मन ध्यानात का रमेना, ह्याचेही उत्तर त्यात असावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुडघा पुन्हा ठणकला, आणि खटलाही एकदोनदा उभा राहिला. हे मुद्दाम सांगते, कारण अशा लेखांतून पुष्कळदा एका रात्रीत सर्व पालटल्याचे वर्णन असते. तसे होत नाही. शिबिर ही औषधाची गोळी नव्हे, आणि ज्यांना मनाचा गंभीर आजार आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून दहा दिवसांच्या मौनास जाऊ नये. शाळकरी मुलांसाठी आनापानाची लहान शिबिरे असतात. तुमच्या वयाला तेवढी पुरे. निर्मलच्या बाजूस कधी सहल गेली तर गोदावरीच्या काठी पाच मिनिटे डोळे मिटून श्वास पाहा. दहा श्वास सलग पाहता आले तर मला येऊन सांगा. मला अजून क्वचितच जमतात.

बावरीच्या शिष्यांपैकी पिंगिय सर्वांत वृद्ध होता. अंगात बळ नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही, अशी त्याची अवस्था. तो परत गोदावरीतीरी आला आणि जे ऐकले ते त्याने बावरीला सांगितले, असे सुत्तनिपातात आहे. एवढी मोठी वाट त्या म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा चालावी, ह्याचे मला कथेतील इतर कशाहूनही अधिक कौतुक वाटते.

ह्या वर्षी भाद्रपदात मी चवथीला गावी गेले. भावाने स्थानकावर येऊन सामान उचलले आणि वाटेत पावसाच्या गोष्टी सांगितल्या. कागदाचा विषय कोणीच काढला नाही. माटोळी बांधावयाची होती. नारळ, सुपारीचे घोस आणि आंब्याचे टाळे मी खालून देत होते, तो वर बांधीत होता. रात्री झोपावयास माझ्या जुन्या खोलीकडे गेले, तर ती आता नारळांची कोठी झालेली. दार उघडताच पोटात तोच गोळा उठला. पाच वर्षांपूर्वीचाच, थोडा बारीक. मी उंबऱ्यावर थांबले. भावाच्या धाकट्या मुलीने मागून विचारले, "आत्या, भितर कित्याक वचना ?" आत का जात नाहीस, असे ती विचारीत होती. "वतां गो," मी म्हटले. आणि दोघींनी नारळ एका बाजूस सारून चटई अंथरली.